मंजुषाबाईंचा आवाज बसला तेव्हा

मंजुषाबाई साळवे सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवायला उभ्या राहिल्या, की शाळेमागच्या शेतात हरभऱ्याला पाणी देणाऱ्या व्यंकटरावांनाही अपूर्णांक यायला लागायचे. हे ते स्वतःच सांगायचे. एकदा भावकीच्या बैठकीत बांधावरून हमरीतुमरी चालली असताना ते मधेच म्हणाले, "आधी छेद सारखा करून घ्या, मग बोला." कुणाला काही कळलं नाही, पण सगळे गप्प झाले आणि त्या दिवसापुरता वाद मिटला.

वालूरच्या शिवेवरचं कृपाघर विद्यालय म्हणजे पाचवी ते सातवीची छोटी ख्रिस्ती शाळा. शिकवणारे चार-पाच जण, शिकणारी पोरं मात्र गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या शेतकऱ्यांची. मंजुषाबाई तिथं वीसेक वर्षं गणित शिकवत होत्या. बाई मनानं मऊ, पण तो मऊपणा समोरच्यापर्यंत पोचायच्या आधी आवाज पोचायचा. शिकवायची त्यांची एक रीत होती. प्रश्न विचारायचा, कुणी तोंड उघडायच्या आत उत्तर द्यायचं, मग "कळलं?" असं विचारायचं, आणि "कळलं!" हेही स्वतःच म्हणायचं. पोरांना या रीतीबद्दल काही तक्रार नव्हती. त्यांच्या अंगावर कामच पडत नव्हतं.

देवाच्या बाबतीतही तेच. घंटा व्हायच्या आधी सगळे शिक्षक ऑफिसात सकाळच्या भक्तीला जमायचे. प्रार्थना मंजुषाबाई करायच्या. त्यात गळके पत्रे यायचे, शिष्यवृत्तीची परीक्षा यायची, मुख्याध्यापकांचा रक्तदाब यायचा, आणि प्रत्येक शिक्षकाचं नाव घेऊन त्याच्यात काय कमी आहे तेही यायचं. देवाला विसरायला त्या जागाच ठेवत नसत. बाकीच्यांना फक्त "आमेन" म्हणायचं उरायचं. मंजुषाबाईंना वाटायचं, आपण सगळ्यांना आत्मिक धीर देतोय.

तो जानेवारीतला स्नेहसंमेलनाचा दिवस होता. पाहुणे आले, गाव जमलं, आणि पहिल्याच नाचाला वीज गेली. माईक मुका झाला. मुख्याध्यापक चंद्रभान निर्मळ सर घाबरून म्हणाले, "आता निवेदन कसं करायचं?"

"मी आहे की!" मंजुषाबाई म्हणाल्या.

आणि त्या होत्याच. नाचांची नावं, बक्षिसांची नावं, पाहुण्यांचा परिचय, "सायकली रस्त्यातून काढा", "सारजाबाई, तुमचा नातू रडायलाय, न्या त्याला", सगळं त्यांनी माईकविना सांगितलं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनासुद्धा ऐकू गेलं. वीज आली तेव्हा कार्यक्रम संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्याला चहाला हाक मारली तर तोंडातून करडाच्या ओरडण्यासारखं काहीतरी आलं. त्यांनी परत प्रयत्न केला. करडूही गेलं, नुसती हवा आली.

शांतवनराव पोस्टात होते, मितभाषी माणूस. त्यांनी रजा टाकली आणि बाईंना परभणीला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं, मग परत पाहिलं.

"बाई, तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहेत," शांतवनरावांनी सांगितलं.

"किती वर्गांना शिकवतात?"

"शिकवतात एका वेळी एकाच वर्गाला. ऐकू सगळ्यांना जातं."

डॉक्टरांनी मान हलवली. "स्वरयंत्र सुजलंय. आता एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. त्यानं जास्त त्रास होतो. दोन-तीन आठवडे पूर्ण मौन. ऐकलं नाही तर आवाज कायमचा जाईल."

मंजुषाबाईंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी बोट वर केलं. बाईंनी तोंड मिटलं. शांतवनराव चेहरा दुःखी ठेवायचा मनापासून प्रयत्न करत होते.

बातमी करडासकट बसच्या आधी वालूरला पोचली. संध्याकाळी दारात रांग लागली. कुणी ज्येष्ठमध आणला, कुणी अडुळसा. सारजाबाईंनी मिरी घातलेला काढा आणला आणि स्वतः समोर बसून पाजला. "प्या बाई प्या. तुमचा आवाज न्हाई तर आमाला टाइमच कळंना गेलाय. तुमी पाढे म्हणायला लागल्या की मी भाकरी थापायला बसत असते." चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्क पंचफुलाबाई काठी टेकत आल्या. त्यांनी बाईंच्या गळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जुन्या काळी मंदिरातल्या एका याजकाची वाचा देवानं बंद केली हुती. त्याला काय तरी शिकवायचं असंल. तुला काय शिकवायचंय कुणास ठाऊक, तू तर मास्तरीण."

हे मंजुषाबाईंना फारसं आवडलं नाही. पण उत्तर देता येत नव्हतं.

सोमवारी त्या शाळेत हजर. चंद्रभान सर म्हणाले, "बाई, रजा घ्या. कशाला त्रास?"

बाईंनी जोरात मान हलवली. अपूर्णांकांचा धडा अर्धा राहिलाय, हे सांगायला त्यांनी हाताच्या कडेनं हवेचे दोन तुकडे केले. सरांना वाटलं, रजेचं नाव काढलं तर मान कापीन असं म्हणतायत. त्यांनी तो विषय परत काढला नाही.

भक्तीची वेळ झाली. सगळे डोळे मिटून उभे राहिले आणि नेहमीसारखी वाट पाहू लागले. काहीच सुरू होईना. एकानं खाकरून घेतलं. सरांनी एक डोळा उघडून पाहिलं. शेवटी कोपऱ्यातून बारीक आवाज आला. पाचवीला शिकवणारी प्रियांका तोरणे प्रार्थना करत होती. जूनमध्येच नोकरीला लागलेली, बावीस-तेवीस वर्षांची पोर.

"देवा, मला पाचवीचा वर्ग सांभाळता येत नाही," ती म्हणाली. "पोरं ऐकत नाहीत. मी आईला फोनवर सगळं बरं चाललंय म्हणून सांगते, ते खोटं आहे. महिनाअखेरीला मी सरांना सोडते म्हणून सांगणार आहे. तोपर्यंत तेवढी माझी लाज राख. आमेन."

"आमेन" कुणाच्याच तोंडून पटकन निघालं नाही. चंद्रभान सरांचे आता दोन्ही डोळे उघडे होते.

मंजुषाबाई तर जागच्या जागी थिजल्या. जूनपासून रोज त्या या पोरीचं नाव घेऊन प्रार्थना करत होत्या: "प्रभू, प्रियांकाला वर्गावर ताबा दे, तिला अजून काही जमत नाही." रोज, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात. त्या वेळी बोलता आलं असतं, तर त्यांनी तिथंच पंधरा मिनिटं तिला धीर दिला असता, आणि धीर देता देता तिच्यात उरलासुरला होता तोही घालवला असता. आवाज नव्हता म्हणून ती पोर वाचली.

पण आधी सातवीचा वर्ग होता. बाईंनी फळ्यावर उदाहरण लिहायला पाठ केली, की मागून शिवशंकर करडासारखा ओरडला. बाई वळल्या, तर सगळी पोरं संत. परत पाठ केली, तर या वेळी तीन करडं. त्यांनी डस्टर टेबलावर आपटलं. खडूचा ढग उठला, पहिल्या बाकावरची पोरं खोकायला लागली, आणि डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलीय हे बाईंना आठवलं. त्या खुर्चीत बसल्या. रडू येईल की काय असं वाटलं.

तेव्हा त्यांना मागच्या उन्हाळ्यातलं परभणीचं शिबिर आठवलं. जिल्ह्यातल्या ख्रिस्ती शाळांच्या शिक्षकांसाठी ते दरवर्षी व्हायचं. तिथं एक तरुण मार्गदर्शक म्हणाला होता, "प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. पोरांना विचार करू द्या. तुमचं मौन हेही शिकवणंच आहे." मंजुषाबाई मागच्या रांगेतून म्हणाल्या होत्या, "आमच्या वालूरला मौन पाळलं तर पोरं खिडकीतून जातील!" सगळं सभागृह हसलं होतं. बिचारा मार्गदर्शक पाणी प्याला होता.

आता दुसरा इलाजच नव्हता. बाई उठल्या. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "भाकरी तीन. माणसं चार. सगळ्यांना सारखी कशी वाटायची?" आणि हाताची घडी घालून बसल्या.

पोरं उत्तराची वाट पाहू लागली. बाई पोरांची वाट पाहू लागल्या. हे असं याआधी कधी झालंच नव्हतं. कुणीतरी चुळबूळ केली. कुणीतरी बाहेर गेलेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. शेवटी शिवशंकरला ती शांतता सहन होईना.

"एकानं उपाशी राहायचं," तो म्हणाला.

"कुणी?" बालाजीनं विचारलं.

"जो उशिरा येईल त्यानं."

"मंग आमच्या घरी रोज माझी मायच राहील," बालाजी म्हणाला. "ती समद्यायच्या मागून जेवती."

वर्ग हसला. तेवढ्यात निकिता उठली. ही पोरगी दोन वर्षांत वर्गात एकदाही बोलली नव्हती. बाईंचा समज होता की ती मुळातच अबोल आहे.

"दोन भाकरीचे दोन-दोन अर्धे करायचे. चौघाला अर्धी-अर्धी. उरली एक, तिचे चार चतकोर. झालं."

"न्हाई न्हाई," बालाजी उसळला. "तिन्हीचे बी चार-चार तुकडे करा. हरेकाला तीन. तुझ्यात लोकाला दोनच तुकडे भेटायलेत, माझ्यात तीन!"

"तुकडे जास्त म्हंजे भाकर जास्त व्हती का, येड्या?"

मंजुषाबाईंच्या जिभेच्या टोकावर उत्तर नाचत होतं. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं. पोरं दोन तटांत फुटली. कुणीतरी डबा उघडला. तीन भाकरी टेबलावर आल्या, मग आणखी तीन, कारण दोन्ही तटांना आपापला पुरावा पाहिजे होता. चतकोर चतकोरावर ठेवून मापले गेले. करपलेल्या तुकड्यावरून वेगळं भांडण झालं. एवढा गोंधळ माजला की चंद्रभान सर धावत आले. मंजुषाबाईंच्या तासाला पोरांचा आवाज म्हणजे बाईंना काहीतरी झालंय, अशीच त्यांची समजूत झाली होती.

पाहतात तर बाई खुर्चीत ठणठणीत, तोंडात पदर, आणि पोरं भाकरीवर तुटून पडलेली.

"बाई, हे काय? मधली सुट्टी झाली का?"

बाईंनी बोटानं फळा दाखवला.

"सर, तुमीच सांगा," बालाजी ओरडला. "माझं बरोबर का निकिताचं?"

सरांनी फळा वाचला. सर इतिहासाचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोन्ही बाजूंचा विचार केला पाहिजे," एवढं म्हणून ते घाईनं निघून गेले.

तेवढ्यात निकितानं दोन्हीकडचे तुकडे एकमेकांवर ठेवले, आणि सगळा वर्ग टेबलावर वाकला. दोन्ही वाटे सारखेच होते. अर्धा आणि चतकोर म्हणजेच तीन चतकोर. बाईंनी हा धडा इतक्या वर्षांत कितीदा तरी शिकवला होता. पण तो असा उमजलेला, सगळ्या वर्गाच्या चेहऱ्यावर एकदम उजाडलेला, त्यांनी प्रथमच पाहिला. आजवर त्या पाहायला मोकळ्याच नव्हत्या.

भाकरीचे पुरावे पोरांनी खाऊन टाकले.

दुपारी बाई पाचवीच्या वर्गात शिरल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. प्रियांकाच्या हातातला खडू मोडला. आपण सकाळी बोललो त्याचीच ही तपासणी, असं तिला वाटलं. पाचवीची पोरंही बाईंना पाहून पुतळ्यासारखी झाली. पण बाई काहीच करेनात, तशी हळूहळू पोरं बाईंना विसरली, आणि मग प्रियांकाही विसरली. ती गावातल्या विहिरींच्या गोष्टीतून पाण्याचा धडा सांगत होती. पुढच्या दोन बाकांवरची पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मागच्यांना तिचा आवाजच पोचत नव्हता. ती पोरं काय करणार? शेजाऱ्याच्या पाठीवर खडूनं चित्रं काढत होती.

मंजुषाबाईंना चटकन दिसलं. पोरीचं शिकवणं चांगलं आहे, आपल्यापेक्षा चांगलं. फक्त ते दोन बाकांपुरतं आहे.

तास संपल्यावर प्रियांका जवळ आली. "बाई, लय चुका झाल्या का?"

बाईंनी मान हलवली आणि एक बाक ओढायला सुरुवात केली. प्रियांकाला काही कळेना, पण वडीलधारं माणूस बाक ओढतंय म्हटल्यावर तिनंही दुसरं टोक धरलं. दोघींनी सगळे बाक ओढून अर्धगोल केला, मधे खुर्ची ठेवली. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि चारी दिशांना बोट दाखवलं: आता सगळे पहिल्या बाकावर. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले. नेहमी अशा वेळी त्यांची प्रार्थना बरीच लांबायची. आज मनात दोनच शब्द आले, "हिला ठेव." पुढं काय म्हणावं ते सुचलं नाही, म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या. प्रियांका रडली. मग नाक पुसून म्हणाली, "उद्याबी याल का?"

बाई रोज जाऊ लागल्या.

रविवारच्या उपासनेत तर मौज झाली. पाळकसाहेबांनी कुणीही उठून प्रार्थना करा म्हणून सांगितलं, आणि मंजुषाबाई बसलेल्या पाहून ज्यांनी वर्षानुवर्षं तोंड उघडलं नव्हतं ते उठले. पंचफुलाबाई काठीवर भार देऊन म्हणाल्या, "देवा, आमच्या मंजुषाचा आवाज वापस दे. पर जरा बारीक करून दे. तुला बी वर ऐकू जातंच की." मंडळीत खसखस पिकली. शांतवनरावांनी सगळ्यात मोठ्यानं "आमेन" म्हटलं, आणि घरी परतताना बाई त्यांच्या चार पावलं पुढं चालल्या.

अडचण एकच उरली होती. उन्हाळ्यातल्या शिबिरासारखाच परभणीत शिक्षकांचा हिवाळी मेळावाही भरायचा, आणि तिथं मंजुषाबाईंचं भाषण ठरलेलं होतं. विषय होता, "शिक्षकाला धीर कसा द्यावा." चंद्रभान सर म्हणाले, "काळजी नको. मी बोलतो तुमच्याऐवजी. तासभर सहज बोलीन." बाईंनी प्रियांकाकडे बोट दाखवलं. प्रियांका पांढरी पडली. तिला समजावून, चहा पाजून, जवळजवळ ढकलतच बसमध्ये बसवलं.

ठरलं ते असं: बाई फळ्यावर तो भाकरीचा प्रश्न लिहून बसतील, प्रियांका सगळं समजावून सांगेल, मग शिक्षकांकडूनच उत्तर काढायचं.

सभागृह भरलेलं. ख्रिस्ती रीतीप्रमाणे एकमेकांना सलाम झाले, गीत झालं. मंजुषाबाईंनी फळ्यावर लिहिलं: "भाकरी तीन. माणसं चार." आणि बसल्या. प्रियांका माईकपाशी उभी राहिली आणि सगळं विसरली. एक शब्द फुटेना. सभागृह गप्प. शांतता वाढत गेली. अध्यक्षस्थानी एक निवृत्त पाळकसाहेब होते. त्यांना वाटलं, ही मौन प्रार्थना आहे. ते डोळे मिटून उठून उभे राहिले. ते उठले म्हणून पहिली रांग उठली, आणि पाहता पाहता सगळं सभागृह माना खाली घालून उभं राहिलं. मंजुषाबाईही उठल्या. त्या एकट्याच कशा बसून राहणार?

प्रियांकानं पाहिलं, कुणीच आपल्याकडे पाहत नाही. इतकी माणसं, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. तिला एकदम हायसं वाटलं.

"मी पाचवीला शिकवते," ती हळूच बोलायला लागली. "मला जमत नव्हतं. मी सोडून जाणार होते." आणि मग तिनं सगळं सांगितलं. खोटे फोन, मागच्या बाकावर येऊन बसणाऱ्या बाई, अर्धगोल केलेले बाक. "मला कुणी काही शिकवलं नाही. कुणीतरी रोज येऊन माझ्याजवळ बसलं. तेवढ्यानंच मी राहिले."

ती थांबली. अध्यक्ष भरल्या आवाजात म्हणाले, "आमेन."

"आमेन!" सभागृह गरजलं. लोकांनी डोळे उघडले, आणि त्यांना फळा दिसला. झरीकडचे एक गुरुजी कळवळून उठले. "हे चौघं जण कोणत्या गावचे आहेत? तीनच भाकरी म्हणजे फार बिकट झालं. आपण आत्ताच काहीतरी गोळा करू या."

मंजुषाबाईंना इतकं हसू आलं की त्या टेबलावर डोकं टेकून बसल्या. खरं कळल्यावर गुरुजीही हसले, आणि मग पुढचा अर्धा तास सगळे शिक्षक त्या तीन भाकरींवरून सातवीच्या पोरांसारखे भांडले. जेवायच्या वेळी एक पिकल्या केसांचे सर प्रियांकाला गाठून म्हणाले, "पोरी, मला पण जमत नाही गं. निवृत्ती जवळ आली. कुणाला सांगायचं कळत नव्हतं. माझ्या वर्गात येऊन बसशील का एखाद दिवशी?" प्रियांकानं हातातली पत्रावळ सावरत त्यांच्या गावची बस विचारून घेतली. असं आपल्याला कुणी विचारेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

फेब्रुवारीच्या मध्याला डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. आवाज परत आला, आणि होता तेवढाच आला. पंचफुलाबाई म्हणाल्या, देवाचं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. पण वर्गात प्रश्न विचारला की मंजुषाबाई थांबायला शिकल्या. कधी कधी सवयीनं उत्तर निघायचंच, मग सगळा वर्ग ओरडायचा, "बाई, गप ऱ्हावा!" दुसऱ्या कुणाची असं म्हणायची छाती झाली नसती. सकाळच्या भक्तीत आता पाळी ठरली, आणि स्वतःच्या पाळीला बाई लोकांच्या उणिवा वगळून प्रार्थना करायच्या. सुरुवातीला त्यांना म्हणायला फारसं काही उरायचं नाही.

जूनमध्ये प्रियांकानं पाचवीसोबत सहावीचं विज्ञानही मागून घेतलं. शनिवारी प्रत्येकानं दुसऱ्याच्या वर्गात बसायचं, अशी पद्धत शाळेत पडली. चंद्रभान सरांनी आपला शनिवार बरेच आठवडे पुढं ढकलला. कधी मीटिंग, कधी रक्तदाब. शेवटी पावसाळा सरता सरता मंजुषाबाई आणि प्रियांका दोघीही त्यांच्या इतिहासाच्या तासाला मागं जाऊन बसल्या. सर घाम पुसत पुसत बोलत राहिले, घंटा झाली तरी बोलत राहिले. पोरं गेल्यावर ते जवळ आले.

"मोकळेपणानं सांगा, बाई. कसं झालं?"

मंजुषाबाईंनी विचार केला. खरं बोलायचं होतं, आणि धीरही द्यायचा होता.

"सर, तुमचं बोलणं लय मायेचं आहे," त्या म्हणाल्या. "तीन पोरं झोपली, पण काय गाढ झोपली! माझ्या तासाला आजवर एकाचीसुद्धा तशी छाती झाली नाही."

सर आधी गोरेमोरे झाले, मग हसायला लागले. हसता हसता त्यांनी खुर्ची ओढली आणि दोघींसमोर बसत म्हणाले, "बरं, मग आता सांगा, त्यांना जागं कसं ठेवायचं?"